एकोणीस पट्टे

नेफ्योद जिवंत आहे हे फेतिन्याला वर्षातून एकदा कळायचं, आणि तेही सरकारी कागदावरून.

तो पीटर्सबर्गला ओतशाळेत कामाला होता. गावात त्या शहराचं पुरं नाव कुणी घेत नसे. नुसतं पीटर म्हणत, शेजारच्या घरातला माणूस असावा तसं. पीटरला राहायचं तर शेतकऱ्याला दरवर्षी आपल्या गावाचा परवाना लागे. गावकीनं मान डोलावली तरच तालुक्याचा कारकून शिक्का मारी. त्यामुळे दर शरदात, पक्रोवच्या सणाच्या आगेमागे, नेफ्योदची दोन ओळींची चिठ्ठी यायची, कुणा दुसऱ्याच्याच अक्षरात. मग फेतिन्या गावकीच्या सभेत उभी राहायची आणि कमरेत वाकून विचारायची, "द्याल ना परवाना?"

गावकी थट्टा केल्याशिवाय सोडत नसे. "का गं, सोडायचा की बोलवून घ्यायचा? तू नुसतं नको म्हण, शिपाई बखोट धरून दारात आणून टाकतील."

ते खरंच होतं. एका शब्दाचं काम होतं. दहा वर्षांत दहा वेळा ती संधी तिच्या हातात आली, आणि दहाही वेळा ती म्हणाली, "जाऊ द्या त्याला." शिपायानं आणलेला नवरा तिला नको होता, आपल्या पायांनी आलेला हवा होता. याला कुणी मानीपणा म्हणेल, कुणी खुळेपणा. खरं सांगायचं तर दोन्ही होतं.

मग राजधानीत सुधारणेचं वारं सुटलं. शेतकरीही माणूसच आहे, त्याला गावकीच्या दावणीला का बांधायचं, असं मोठ्या लोकांच्या एकदम लक्षात आलं. कारकुनानं सभेत नवा हुकूम वाचून दाखवला: यापुढं परवान्यासाठी गावाला विचारायची गरज नाही, ज्यानं त्यानं जिथं राहतो तिथंच घ्यावा. लोकांनी टोप्या काढल्या, क्रूस केला, झारला आयुष्य चिंतलं. फेतिन्यानंही क्रूस केला. त्या शरदात नेफ्योदची चिठ्ठी आली नाही. पुढल्या वर्षीही नाही. कायदा चांगलाच होता, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या परवान्याच्या कागदाला धरून एका बाईची वर्षाची सगळी खबरबात येत होती, हे तो लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार? तीन वर्षं ती पक्रोवच्या आदल्या दिवशी दोन कोस चालत कचेरीत गेली. कारकून वर न बघताच मान हलवायचा. चौथ्या वर्षी तिनं जाणं सोडलं.

कोस्त्रोमाच्या त्या बाजूला बिननवऱ्याची घरं काही नवी नव्हती. तिच्या खोल्मी गावातले निम्मे पुरुष पीटरला गवंडीकाम, सुतारकाम, नाहीतर कारखान्यात. नांगर बायकाच धरायच्या, गवत बायकाच कापायच्या, सभेतही नवऱ्याच्या जागी दाराशी उभ्या राहायच्या. पण बाकीच्यांचे नवरे गवताच्या दिवसांत नाहीतर ईस्टरला यायचे, भांडायचे, मुलं देऊन जायचे. नेफ्योद पहिली तीन वर्षं आला. त्यांची एक मुलगी होती, ती दुसऱ्या हिवाळ्यात घटसर्पानं गेली. त्यानंतर तो एकदाच आला, आणि बाकावर बसून दोन दिवस खिडकीबाहेर बघत राहिला. मग अकरा वर्षं नाही.

सासरा येरेमेय होता तोवर घरात आवाज होता. तोही गेला. मग फेतिन्या घोडीशी बोलायची, घोडी गेली तेव्हा दुसऱ्या घोडीशी. आणि जमिनीशी बोलायची. तिच्या वाट्याला तीन शिवारांत मिळून एकोणीस पट्टे होते. गावकीची वाटणी अशीच असते, चांगल्यातलं थोडं, वाईटातलं थोडं, ओलातलं थोडं, म्हणजे कुणाला रडायला जागा नको. कुठला पट्टा लांबलचक, कुठला इतका अरुंद की झाडाच्या सालीची पायताणं टाचेला चवडा लावून मापावा. त्यांना बांध नव्हता, खूण नव्हती, दोन पट्ट्यांत फक्त एक न नांगरलेली सरी. अनोळखी माणसाला सगळं एकच शेत दिसे. फेतिन्याला मात्र नांगराच्या मुठीतून कळायचं, इथं दगड घासतो म्हणजे आपला पट्टा, इथं फाळ मऊ जातो म्हणजे मलान्याचा.

ऑगस्टच्या सुरुवातीला, रायचं पीक कापून होत आलं होतं तेव्हा, कचेरीचा शिपाई पत्र घेऊन आला. वाचून दाखवायला कारकुनाकडंच जावं लागलं. "मी सफरचंदाच्या सणानंतर येतो. जमिनीचं काम आहे. पट्टे जसे होते तसेच आहेत ना? नेफ्योद."

"पुन्हा वाचा," फेतिन्या म्हणाली.

"एवढंच आहे बाई, पुन्हा वाचून काय वाढणार आहे?"

"तरी वाचा."

जमिनीची चौकशी माणूस कधी करतो? तिच्या माहितीत एकदाच, घरी यायची ओढ लागली की. चूल चुन्यानं सारवली, देवकोपऱ्यातला रुमाल धुतला, बिछान्यात नवं गवत भरलं. मलान्या कुंपणावरून बघत होती. मलान्या म्हणजे शेजारीण, तीन मुलग्यांची आई, तोंडाची तिखट.

"काय गं, झार येतोय का तुझ्याकडं?"

"नेफ्योद येतोय."

दुपारी मलान्या एक वाडगं साय आणून देऊन गेली.

नेफ्योद आला तो गिरणीवाल्या तेरेंतीच्या गाडीतून. हेच पहिलं खटकलं. तेरेंती कुणाला फुकट गाडीत घेणारा माणूस नव्हता. नेफ्योदच्या अंगात शहरी कोट, पायांत करकरणारे बूट, आणि कोट काढल्यावर आत फक्त हाडं. ओतशाळेनं त्याच्या छातीत धूर भरून ठेवला होता. दर चार वाक्यांनी तो खोकायचा. तिनं कोबीचं सार वाढलं, मशरूमची भरली पोळी वाढली. तो थोडंसंच जेवला. मग चमचा पालथा ठेवून म्हणाला, "फेतिन्या, मी पट्टे फोडून घेतोय."

"म्हणजे?"

"गावकीतून बाहेर. नवीन कायदा आहे ना. घर ज्याच्या नावावर त्यानं मागितलं तर त्याचा वाटा त्याच्या मालकीचा होतो. कागद झालेत. फक्त मोजणीदार येऊन पट्टे पाहून आराखडा काढेल, मग सही."

मालकीचे. स्वतःचे. "मग काय, इथंच राहणार तू?"

तो टेबलाकडं बघत राहिला. "तेरेंती घेणार आहे ते."

मग त्यानं सगळं सांगून टाकलं, एका दमात, खोकत खोकत. तिकडं एक बाई आहे, स्तेफानिदा. कापडगिरणीत होती. पाच वर्षांची मुलगी आहे. ओतशाळेतून त्याला आता काढतील, छाती चालत नाही. कुठं तरी छोटी खोली घ्यायची आणि चहाचं दुकान टाकायचं. "घर तुझ्याकडंच राहील, कागदात तसं लिहून घेतलंय. परसही. मी काही राक्षस नाही, फेतिन्या."

"नाहीस," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला. "मुलीला दूध मिळतं का तिकडं?"

"मिळतं कधी कधी."

तो गवताच्या कोठारात झोपायला गेला. नव्या बिछान्यावर ती एकटीच पडली. चौदा वर्षांत ती इतकी एकटी कधीच नव्हती. कारण आजवर निदान वाट बघायला कुणीतरी होतं.

आता कायदा काय म्हणतो ते सांगायला हवं. घराचा मालक पुरुष, तोच जमिनीचाही मालक. त्यानं विकलं तर बायकोला विचारायची गरज नव्हती. कायदा करणाऱ्यांना हे सुचलंच नसेल, किंवा सुचलं असेल आणि हसून सोडून दिलं असेल.

सकाळी गावमुख्य पार्फ्योन आला. म्हातारा, दाढी नाभीपर्यंत, नव्या कायद्यांचा मनापासून दुस्वास करणारा. त्याला बघून फेतिन्याला धीर आला.

"बस काका. ऐकलंस ना?"

"गावानं ऐकलं. तेरेंतीला आम्ही आमच्या शिवारात घुसू देणार नाही. एकदा घुसला की शिवाराच्या मधोमध कुंपण घालेल, मग गुरं काय आभाळात चरायची?" त्यानं आवाज उतरवला आणि तिला बापाच्या नावानं हाक मारली. "हे बघ सावेल्येव्ना, मोजणीदार उद्या येतोय. त्याला पट्टे दाखवणार कोण? कागदावर नुसतं एकोणीस लिहिलंय. कुठले एकोणीस, ते शिवारात लिहिलेलं नाही. गाव म्हणणार, आम्हाला माहीत नाही. सगळे. एकजात. तू पण मूग गिळून गप्प बसायचं. नेफ्योदला आठवणार नाही, चौदा वर्षांत फाळ धरलेला नाही त्यानं. मोजणीदार हात हलवत परत जाईल. पुन्हा यायला वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर..." पुढचं त्यानं नुसतं खोकून दाखवलं. नेफ्योदच्या छातीचं त्यानंही ऐकलं होतं.

फेतिन्याला ते खोकणं आवडलं नाही. पण तिनं विचारलं, "म्हणजे जमीन माझ्याकडं राहील?"

"गावाकडं राहील."

"मी कसतेय ती."

"कस की. कोण नाही म्हणतंय? पुढल्या वाटणीपर्यंत कस."

"आणि पुढल्या वाटणीत?"

पार्फ्योननं दाढीत हात घातला. "आता बाई, तूच सांग. वाटा आत्म्यामागं मिळतो. तुमच्या घरात आत्मा एकच, नेफ्योदचा."

गावकीचा हा जुना नियम. पुरुष म्हणजे एक आत्मा, बाई म्हणजे शून्य आत्मा. देवळात पाद्रीबाबा सांगायचे की बाईलाही आत्मा असतो, शिवारात नसायचा. फेतिन्याला हा नियम लहानपणापासून माहीत होता, पण तो आपल्याच अंगाला येऊन भिडेल असं कधी वाटलं नव्हतं. तिनं "बरं काका" म्हटलं. पार्फ्योन समाधानानं निघून गेला. त्याला वाटलं, बाईला पटलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास सगळं गाव रायच्या खुंटांच्या शिवारात जमलं. मोजणीदार तरुण होता, चष्मेवाला, सभ्य, सगळ्यांना "नमस्कार" म्हणणारा. सोबत लोखंडी साखळी ओढायला दोन माणसं, आणि कारकून. तेरेंती गाडीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. नेफ्योद करकरत्या बुटांनी खुंटांतून चालत होता.

"तर," मोजणीदार म्हणाला, "कुठून सुरुवात?"

गाव आभाळाकडं बघू लागलं.

"पार्फ्योन इग्नात्यिच, आपण मुख्य आहात. दाखवा."

"कसं दाखवणार साहेब? नजर गेली. सगळं एकसारखं दिसतं."

"आपण?" त्यानं मलान्याला विचारलं.

"मी बाईमाणूस साहेब, मला मेलीला काय कळतं?" मलान्या म्हणाली. तिच्याइतकं शिवार पाच गावांत कुणाला कळत नव्हतं.

मोजणीदारानं नेफ्योदकडं पाहिलं. नेफ्योद पुढं झाला. दोन सऱ्या ओलांडल्या, थांबला, मागं आला. "हा," तो म्हणाला, आणि बोट दाखवलं.

हशा उसळला. तो मलान्याचा पट्टा होता.

"अरे, बापाची दाढी कुठल्या बाजूला होती ते तरी आठवतंय का?" कुणीतरी ओरडलं. "ओतशाळेत शोध, तिथं असेल पट्टा!" नेफ्योद लाल झाला, त्याला खोकल्याची उबळ आली, तो वाकला. फेतिन्याला त्याची दया आली. दया यायला नको होती, पण आली. खरं तर त्या घडीला ती जिंकली होती. मोजणीदार मान हलवत साखळी गोळा करायला सांगत होता. "पुढल्या वर्षी बघू," तो म्हणाला. तेरेंतीनं बियांची टरफलं थुंकली.

आणि पार्फ्योनला आनंद आवरला नाही. म्हातारं माणूस, जिंकायची सवय नाही. मलान्याच्या खांद्यावर थाप मारून तो मोठ्यानं म्हणाला, "चल, तुझ्या तीन पोरांची सोय झाली. पुढल्या वाटणीत हेच पट्टे तुमच्याकडं वळवू. नाहीतरी त्या घरात खाणारं कोण आहे?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं. फेतिन्या चार हातांवर उभी आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं, आणि हेच तिला लागलं. एका बाजूला नवरा कागदानं जमीन घेत होता, दुसऱ्या बाजूला गाव वाटणीनं घेत होतं, आणि दोघांच्या मध्ये ती उभी असलेली कुणालाच दिसत नव्हती.

ती सरीपाशी गेली. कमरेचा विळा काढला, गवतासकट मातीचं एक ढेकूळ कापलं, भाकरीएवढं, आणि ते डोक्यावर ठेवलं.

हशा मावळला. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.

हे काय होतं ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हद्दीचं भांडण मिटेनासं झालं की जुनी माणसं हे करत. डोक्यावर शिवाराची माती घेऊन हद्दीवरून चालायचं. खोटं चाललं तर माती दाबते, वर्षाच्या आत माणूस जमिनीखाली. खरं चाललं तर ती हद्द देवासमोर पक्की, मग तिला कुणी हात लावत नाही. फेतिन्याचा सासरा येरेमेय पन्नास वर्षांपूर्वी नदीकाठच्या कुरणावर असाच चालला होता, शेजारच्या गावाशी वाद होता तेव्हा. जमीनदाराच्या कारभाऱ्यानंसुद्धा ते कुरण परत मागितलं नाही. बाई मात्र कधी चालली नव्हती.

"सावेल्येव्ना," पार्फ्योन पुटपुटला, "काय करतेस? ठेव ते खाली."

"माझी आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "नेफ्योदची नाही. गावाची नाही. चौदा वर्षं मी नांगरली. जी माझी, तिच्यावरून चालते. खोटं असेल तर हिनं मला गिळावं."

आणि ती चालू लागली.

पहिला पट्टा, लांब, वितळलेल्या बर्फाचं पाणी साचतं तो. टोकाला गेली, वळली, दुसऱ्या सरीनं परत आली. दुसरा, दगडाळ. तिसरा, पायताणानं मापायचा. मातीतली मुळं कपाळावर लोंबत होती, मुंग्या कानामागं उतरत होत्या. तिनं हात वर केला नाही. मान ताठ. मागं बघायचं नसतं, हे सासऱ्यानं सांगितलं होतं. मागून पावलांचा आवाज येत होता, आणि साखळीची किणकिण. साक्षीदार येतायत, तिला वाटलं. येऊ देत. जितके जास्त तितकं बरं.

कारकुनाला मोजणीदारानं हळूच विचारलं होतं, "हे काय आहे?" आणि कारकून म्हणाला होता, "हद्द दाखवतेय साहेब. असे दाखवतात इकडं. याच्यात चूक होत नाही." "उत्तम," मोजणीदार म्हणाला होता, आणि साखळी सोडायला सांगितली होती. ते तिनं ऐकलं नाही.

ओटचं शिवार, सहा पट्टे. उभ्या पिकातून ती एकही ताट न तुडवता सरीसरीनं गेली. मग नांगरून ठेवलेलं पडीक शिवार. दुपार कलली. गाव मागून येत होतं, कुणी बोलत नव्हतं. मलान्या रडत होती. कुठंतरी करकरते बूटही येत होते, आणि खोकला. फेतिन्याला पाय जाणवत नव्हते. तिला आनंद झाला होता, सरळ सांगायचं तर. आयुष्यात पहिल्यांदा अख्खं गाव तिच्या मागून चालत होतं, आणि ती म्हणेल ती हद्द होती. माती जड होत गेली, पण दाबत नव्हती. म्हणजे खरंच तिची होती.

एकोणिसाव्या पट्ट्याच्या टोकाला ती थांबली. ढेकूळ उतरवून जिथून कापलं होतं तसल्याच सरीत दाबून बसवलं. केसांत माती होती. ती वळली.

"झालं," ती म्हणाली. "आता कुणी हात लावायचा नाही."

मोजणीदारानं टोपी काढून तिला अदबीनं मान लववली. "बाई, तीन जिल्हे फिरलो, पण अशी साक्ष कुणी दिली नाही. एका सरीचीही गल्लत नाही." त्यानं कारकुनाकडं वळून म्हटलं, "लिहा: घरमालकाच्या पत्नीनं समक्ष चालून दाखवले, एकूण एकोणीस." त्याच्या हातातल्या पाटावर ताणलेल्या कागदावर तिचे सगळे पट्टे होते, बारीक, सरळ, क्रमांक घातलेले.

तरी तिला समजलं नाही. "मी माती डोक्यावर घेऊन चालले साहेब. ती माझी झाली."

"हो तर," तो समजुतीनं म्हणाला, "नेफ्योद येरेमेयेविचांची म्हणजे आपल्या घरचीच." आणि त्यानं लेखणी नेफ्योदकडं दिली.

फेतिन्यानं पार्फ्योनकडं पाहिलं. त्यानं काहीतरी म्हणायला हवं होतं. तो देवाला भिणारा माणूस, त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पार्फ्योन जमिनीकडं बघत होता. "ताटात वाढून दिलंस गं," तो हळूच म्हणाला. "नुसतं गप्प बसायचं होतं." तिनं मलान्याकडं पाहिलं, बाकीच्यांकडं पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं की जमीन तिची आहे. याबद्दल आता खोल्मीत कुणाच्या मनात तिळभर शंका नव्हती. पण ती चालली ते गावासमोर आणि देवासमोर, आणि तिथं लेखणी दोघांच्याही हातात नव्हती.

नेफ्योदनं सही करायच्या आधी क्रूस केला. त्यालाही माती म्हणजे काय ते कळत होतं. येरेमेयचाच मुलगा तो. पण त्यानं सही केली. तेरेंतीनं मात्र त्या दिवशी पट्ट्यांत पाय टाकला नाही, शिवाराला वळसा घालून गाडी रस्त्यावर नेली. माणसं भितात, तरी घेतातच.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेरेंतीची गाडी नेफ्योदला स्टेशनवर न्यायला आली. फेतिन्यानं त्याला वाटेसाठी भाकरी आणि उकडलेली अंडी फडक्यात बांधून दिली. काही म्हणून नव्हे, प्रवासाला निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत म्हणून. स्तेफानिदाच्या मुलीसाठी वाळवलेल्या सफरचंदांची पुरचुंडीही दिली. तो गाडीत चढला, पुन्हा उतरला. त्याला काहीतरी विचारायचं होतं. परवापासून ते राहून गेलं होतं.

"फेतिन्या, मला एकही आठवला नाही. बापाबरोबर मीही नांगरलेत ते. आणि तुला एकोणीसच्या एकोणीस, तेही मान खाली न घालता. एवढं कसं लक्षात ठेवलंस?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. खोटं सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"तू आलास की तुला दाखवायचे होते," ती म्हणाली.

गाडीवानानं मागं वळून विचारलं, निघायचं का. नेफ्योद गाडीत चढून बसला, फडकं मांडीवर धरून, आणि गाडी वळणापर्यंत गेली तरी त्यानं टोपी डोक्यावर घातली नव्हती.